आइगो, तेबाक, चिन्च्चा: कोरियन उद्गार कुणासमोर आणि कसे काढायचे

कोरियन मालिकेतली आजी गुडघ्यावर हात टेकून उठते आणि म्हणते, "आइगो!" मराठी कानाला ते जवळजवळ "आई गं" असंच ऐकू येतं आणि वापरही बराचसा तोच आहे. दोन शब्दांचं एकमेकांशी नातं मात्र काही नाही. आपल्या उद्गारात आई आहे, त्यांच्यात ती नाही.

हीच आजी पुढच्या प्रसंगात नातवाचे गाल धरून "आइगो, येप्पॉरा" म्हणते, म्हणजे "अगं बाई, किती गोड ते!" शेजारणीचं दुःख ऐकताना तिच्या तोंडी पुन्हा "आइगो" येतं, या वेळी "अरेरे" या अर्थाने. बस चुकली तरी आइगो, आणि पाहुणा अनपेक्षित दारात उभा राहिला तरी आइगोच. जुन्या पद्धतीच्या अंत्यविधीत मोठ्याने रडण्याचा एक रिवाज होता, त्याला 'कोक' म्हणतात. त्यात मृताची मुलं "आइगो, आइगो" असा आक्रोश करत आणि इतर लोक "ऑइ, ऑइ" म्हणत. एकाच शब्दावर इतका भार असेल तर 'आइगो म्हणजे अमुक' असं पाठ करून फारसं हाती लागत नाही.

कोरियन उद्गार शिकताना प्रत्येक शब्दासोबत आणखी एक गोष्ट शिकावी लागते: तो कुणासमोर काढायचा. मराठी माणसाला हे चटकन कळायला हवं, कारण आपणही "अरे", "अगं" आणि "अहो" यांतलं एक निवडल्याशिवाय कुणाला हाक मारू शकत नाही. कोरियनमध्ये अरे-तुरेच्या बोलण्याला 'पान्माल' म्हणतात आणि अहो-जाहोच्या बोलण्याला 'चोन्देन्माल'. दोन अनोळखी माणसं भेटली की लवकरच वयाची चौकशी होते. त्यात भोचकपणा नसतो. कुणी कुणाशी कसं बोलायचं, हे त्याशिवाय ठरतच नाही. 'छिन्गु' म्हणजे मित्र, पण हा शब्द प्रामुख्याने आपल्याच वयाच्या माणसासाठी वापरतात. दोन वर्षांनी मोठा असलेला जिवलग सहसा छिन्गु होत नाही.

सगळ्यात उपयोगी अक्षर आहे वाक्याच्या शेवटचं 'यो'. "चिन्च्चा?" म्हणजे "खरंच?", हे मित्राला. "चिन्च्चायो?" हे शिक्षकांना किंवा नुकत्याच भेटलेल्या माणसाला. "कोमावॉ" मित्राला, "कोमावॉयो" परक्याला. त्याहून औपचारिक हवं असेल तर "काम्साहाम्निदा". शंका असेल तिथे यो लावा. जास्तीचा यो कुणाला दुखवत नाही, पण गाळलेला यो आपण सासऱ्यांना "काय रे" म्हणावं तसा लागतो.

यात एक बारकावा आहे. स्वतःशीच निघालेल्या उद्गाराला यो लागत नाही. मागून कुणी खांद्यावर हात ठेवला आणि तोंडातून "क्काम्च्चागिया!" निघालं, म्हणजे "दचकलेच मी!", तर समोर साहेब असले तरी चालतं. ते साहेबांना उद्देशून नसतंच. "आ छाम!" किंवा "मात्ता!" म्हणजे "अरे हो, विसरलोच की!" हेही तसंच. मात्र साहेबांनी काही सांगितलं आणि त्यावर उत्तर म्हणून "तेबाक!" म्हणजे "भारीच!" म्हटलं, तर ते त्यांना उद्देशून झालं. तिथे "तेबागिएयो" हवं. यो जोडण्यासाठी मध्ये 'इए' आला, पुढे स्वर आल्यामुळे क चा ग झाला, आणि बोलणं अदबीचं झालं.

उच्चार: देवनागरीचा फायदा कुठे आणि अडचण कुठे

राजा सेजोंगने १४४६ मध्ये लोकांसमोर आणलेली हांगुल लिपी एका दिवसात वाचता येऊ लागते. उच्चारांना जास्त वेळ लागतो. इथे मराठी माणूस सुरुवातीलाच थोडा पुढे असतो, कारण क आणि ख, त आणि थ, प आणि फ हे आपल्याला वेगळे ऐकू येतात. कोरियनमध्ये मात्र दोन नसून तीन घरं आहेत: साधा, महाप्राण आणि घट्ट. 'ताल' म्हणजे चंद्र, 'थाल' म्हणजे मुखवटा, 'त्ताल' म्हणजे मुलगी. थाल आपल्या थ ने निभावतं. त्तालसाठी 'पत्ता'मधला त्त शब्दाच्या आरंभी आणायचा, गळा किंचित आवळून आणि हवा न सोडता. साधा त सगळ्यात अवघड, कारण त्यात थोडी हवा असते आणि शब्दाच्या मध्ये दोन स्वरांत आला की त्याचा द होतो. क चा ग, प चा ब आणि च चा ज होतो तो याच नियमाने. म्हणून कुणी 'तेबाक' लिहितं, कुणी 'देबाक', आणि कुणी 'गम्साहम्निदा' लिहितं. चूक कुणाचीच नाही, मूळ ध्वनी दोहोंच्या मध्ये आहे. सोलच्या तरुण बोलीत ख, थ, फ, छ यांनी सुरू होणारा शब्द वरच्या सुरात निघतो आणि साध्या क, त, प, च चा खालच्या सुरात. कान तयार करायचा असेल तर हा सूर आधी पकडा.

च नेहमी 'चहा'तला, 'चूक'मधला कधीच नाही. इ च्या आधी स आला की त्याचा श होतो. 'ऑ' म्हणजे 'ऑफिस'मधला स्वर, आणि तो 'ओ'पासून वेगळा ठेवणं सक्तीचं आहे. 'सुम्निदा' या औपचारिक वाक्यांच्या शेवटातला उ ओठांचा चंबू न करता म्हणायचा: ओठ हसल्यासारखे ताणा आणि उ म्हणून बघा. या लेखात ङ लिहिला आहे तिथे 'वाङ्मय'मधला आवाज आहे, मागे ग ऐकू येऊ द्यायचा नाही.

सर्वांत जास्त चुका शब्दाच्या शेवटी होतात. 'पाप' म्हणजे भात किंवा जेवण. मराठीत आपण 'बाप' म्हणताना शेवटी ओठ उघडतो. कोरियनमध्ये ओठ मिटतात आणि मिटलेलेच राहतात. तेबाकचा क सुद्धा असाच घशात थांबतो. तो मोकळा सोडला तर कोरियन कानाला पुढे आणखी एक स्वर आहे असं वाटतं. शिवाय पुढे म किंवा न आला की हा मिटलेला प त्याच्यात मिसळून म होतो. म्हणून "जेवलास का?" हे लिहिताना 'पाप मॉगॉस्सॉ' असलं तरी म्हणताना "पाम मॉगॉस्सॉ?" होतं. 'हाम्निदा'तला म सुद्धा मुळात प आहे.

आश्चर्याचे शब्द

"ऑमॉ!" आणि "ऑमॉना!" म्हणजे "अगं बाई!" हे परंपरेने बायकांचे उद्गार आहेत. पुरुषाने म्हटले तर कानाला खटकतात. मालिका बघून शिकलेल्या मुलांकडून ही चूक हमखास होते. त्यांनी "आइगो" किंवा नुसतं "ऑ?" म्हणावं. "सेसाङे!" म्हणजे शब्दशः "या जगात!", आपल्या "काय हे जग!"च्या जवळचं, आणि ते कुणीही म्हणू शकतं.

"हॉल" हा तरुणांचा शब्द. विश्वास बसत नाही, बोलायला काही सुचत नाही, तेव्हा निघतो. वर्गमित्रांत ठीक आहे, पण शिक्षकांसमोर किंवा कचेरीत नाही.

"तेबाक" मुळात नाम आहे: घबाड, मोठं यश. नवं दुकान उघडणाऱ्याला "तेबाक नासेयो" म्हणतात, म्हणजे "धंदा जोरात चालो". दक्षिण कोरियाच्या राष्ट्राध्यक्षा पार्क ग्युन-हे यांनी जानेवारी २०१४ मध्ये दोन्ही कोरियांचं एकीकरण म्हणजे 'तेबाक' आहे असं म्हटलं, तेव्हा हा बोलीतला शब्द थेट राजकारणात गेला. सप्टेंबर २०२१ मध्ये ऑक्सफर्डच्या इंग्रजी शब्दकोशाने कोरियन वळणाचे जे २६ शब्द घेतले, त्यांतही तो आहे.

त्याच यादीत 'फाइटिंग' आहे. शब्द इंग्रजीचा, अर्थ पूर्ण कोरियन. भांडणाशी संबंध नाही, परीक्षेला निघालेल्याला, मैदानात उतरणाऱ्याला "जोर लाव, जमेल तुला!" असं सांगण्यासाठी तो आहे. कोरियनमध्ये दंतोष्ठ्य (खालचा ओठ वरच्या दातांना टेकवून म्हणायचा) फ नाही, म्हणून 'फळ'मधला फ घेऊन "फाइथिङ" म्हणतात किंवा "ह्वाइथिङ". मात्र कुणी खरोखर खचलेलं असेल तर फाइथिङ उथळ वाटतं. तिथे "हिम्नेयो" बरं. 'हिम' म्हणजे बळ, म्हणजे "धीर धरा".

"चिन्च्चा" आश्चर्यातही येतं आणि वैतागातही. सूर वर गेला तर "खरंच?" सूर खाली आला आणि आधी एक लांब "आ" जोडला, "आऽ, चिन्च्चा!", तर "काय वैताग आहे!" उपशीर्षकांत अनेकदा दोन्हींसाठी एकच शब्द दिसतो, म्हणून सुराकडे लक्ष द्या. "ऑत्तॉखे!" म्हणजे "आता काय करू!" 'कसं' या अर्थाचा शब्द जवळजवळ असाच उच्चारला जातो, पण त्याचं लेखन वेगळं आहे. खुद्द कोरियन माणसंही लिहिताना यात गोंधळतात.

हो, नाही, नको

मराठी माणसासाठी इथे तीन खड्डे आहेत. पहिला "ने". आपल्याला तो 'ना'सारखा वाटतो, पण त्याचा अर्थ "हो". शब्दाच्या सुरुवातीचा न कोरियन लोक इतका कमी नाकात म्हणतात की कधीकधी तो "दे" असा ऐकू येतो. ने म्हणजे "हो", "बरं", "हं, ऐकतोय", आणि सूर वर नेला तर "काय म्हणालात?" मित्रांत याच जागी "उङ" येतं.

दुसरा "आनी". आपल्या कानाला 'आणि', त्यांच्या तोंडी "नाही". अदबीने "आनियो". वाक्याच्या आरंभी आलेला आनी मात्र नकार नसतो. "आनी, वे?" म्हणजे "अरे, पण का?"

तिसरा खड्डा "या!" मराठीत "या" म्हणजे आदराने बोलावणं. कोरियनमध्ये "या!" म्हणजे "ए!" तो फक्त बरोबरीच्या मित्राला किंवा लहानाला म्हणायचा. परक्या माणसाला म्हटला तर भांडणाला सुरुवात होते.

नकारार्थी प्रश्नालाही जपा. "जेवला नाहीत?" याला "ने" असं उत्तर आलं तर त्याचा अर्थ "बरोबर, नाही जेवलो". ने विधानाला दुजोरा देतं. ताट वाढायचं की नाही ते यावर ठरतं.

"क्वेन्छानायो" म्हणजे "ठीक आहे", पण कुणी काही देऊ केलं असताना म्हटलं तर "नको, राहू द्या". आणखी किम्ची हवी का विचारल्यावर होकार समजून क्वेन्छानायो म्हणाल, तर किम्ची मिळणार नाही. हवी असेल तर "ने". "त्वेस्सॉयो" हाही नकारच, पण "पुरे झालं" असा तुटक. रागाची छटा येते. पाठ्यपुस्तकांत आभारांचं उत्तर म्हणून "छॉन्मानेयो" शिकवतात. 'छॉन्मान' म्हणजे एक कोटी. शब्द सुंदर आहे, पण बोलण्यात फारसा येत नाही. लोक "आनिएयो" म्हणतात, "छे हो, त्यात काय".

हाक मारणं

उपाहारगृहात कुणाला बोलवायचं तर "चॉगियो" किंवा "यॉगियो". चॉगी म्हणजे तिथे, यॉगी म्हणजे इथे. भाव आपल्या "अहो, जरा इकडे"चा. पुष्कळ ठिकाणी टेबलावर घंटीचं बटण असतं, तिथे हाक मारण्याची गरजच पडत नाही. मालक दिसत असेल तर "साजाङनिम". घरगुती खानावळीतल्या वयस्क बाईंना "इमो", म्हणजे मावशी. आपण भाजीवालीला मावशी म्हणतो ना, तेच. "आजुम्मा" टाळा, त्यात 'वय झालेली बाई' हे ठळक ऐकू येतं आणि पुष्कळ जणींना ते आवडत नाही.

फोनवरचं "यॉबोसेयो" हे "इकडे बघा" या शब्दांचं आखडलेलं रूप. त्यातलाच "यॉबो" नवरा-बायको एकमेकांना वापरतात. तो ऐकताना मराठी घरातलं "अहो" आठवावं, फरक इतकाच की यॉबो दोघंही म्हणतात.

मोठ्या भावंडांसाठीचे शब्द बोलणाऱ्याच्या लिंगावर ठरतात, हे आपल्याकडे नाही. मोठ्या भावाला बहीण "ओप्पा" म्हणते, भाऊ "ह्यॉङ" म्हणतो. मोठ्या बहिणीला बहीण "ऑन्नी" म्हणते, भाऊ "नुना". मुलाने दुसऱ्या मुलाला ओप्पा म्हटलं की ऐकणारे हसतात.

जेवण आणि निरोप

"पाम मॉगॉस्सॉ?" हे "जेवलास का?" अनेकदा नुसतं "कसा आहेस?" असतं. जेवणाचा तपशील नको असतो, "हो, तू?" पुरतं. मोठ्यांना विचारताना नुसता यो पुरत नाही, 'पाप' हा शब्दच बदलतो: "शिक्साहाश्यॉस्सॉयो?" आजी-आजोबांसाठी तर जेवणाला 'चिन्जी' असा तिसरा शब्द आहे. "कधीतरी एकत्र जेवू या" असं निघताना कुणी म्हटलं तर बहुधा ती सदिच्छा असते. तारीख आणि वेळ ठरली तरच आमंत्रण समजा.

जेवण सुरू करताना "चाल मॉक्केस्सुम्निदा", म्हणजे "मी पोटभर जेवेन". उठताना "चाल मॉगॉस्सुम्निदा", "पोटभर जेवलो". हे रांधणाऱ्याला किंवा बिल देणाऱ्याला उद्देशून असतं. जागा नेमकी आपल्या "अन्नदाता सुखी भव"ची. ते गाळणं म्हणजे जेवून मुकाट उठणं.

गरम, झणझणीत सूपचा घोट घेऊन कोरियन आजोबा "आऽ, शिवॉन्हादा!" म्हणतात. शब्दकोशात अर्थ 'गार, थंड' असा मिळतो आणि नवखा माणूस चक्रावतो. इथे तो आतून मोकळं वाटण्याचा उद्गार आहे. गरम पाण्याच्या हौदात उतरतानाही हाच.

निरोप मराठी माणसाला आपलासा वाटेल. घरातून निघताना आपण "जातो" म्हणत नाही, "जाऊन येतो" म्हणतो. कोरियन मूल शाळेला निघताना "तान्यॉओगेस्सुम्निदा" म्हणतं, त्याचा अर्थ अक्षरशः "जाऊन येतो". परतल्यावर "तान्यॉवास्सुम्निदा", "आलो जाऊन". पाहुणे निघाले तर मात्र दोन वाक्यं लागतात. जाणारा थांबणाऱ्याला "आन्न्यॉङही गेसेयो" म्हणतो, "सुखाने असा". थांबणारा जाणाऱ्याला "आन्न्यॉङही गासेयो", "सुखाने जा". रस्त्यात भेटून दोघंही निघत असतील तर दोघांचं गासेयो. गे आणि गा यांची अदलाबदल ही नवशिक्यांची नेहमीची चूक. लक्षात ठेवायला एक खूण: आपल्या 'गेला'तला गे नेमका उलटा, कोरियनमध्ये तो थांबणाऱ्याचा.

कामाच्या ठिकाणी

रांजणगावला एलजीचा, तळेगावला ह्युंदाईचा आणि रायगडमध्ये विळे-भागाड इथे पोस्कोचा कारखाना आहे. अशा ठिकाणी काम करणाऱ्यांना हे शब्द रोज लागू शकतात. दुकानातून निघताना किंवा टॅक्सीतून उतरताना "सुगोहासेयो" म्हणणं छान, "चालू द्या तुमचं काम, दमताय" असा भाव. साहेबांना मात्र ते म्हणू नये. 'सुगो' म्हणजे कष्ट, आणि वरिष्ठाला "कष्ट करत राहा" म्हणणं जुन्या वळणाच्या माणसाला खटकतं. आपण आधी निघत असाल तर "मॉन्जॉ गाबोगेस्सुम्निदा", "मी निघतो आधी", आणि मान किंचित झुकवायची.

साहेबांना नुसतं आडनाव लावून "किम-श्शी" म्हणू नका. श्शी चा अर्थ 'श्री' सांगितला जात असला तरी नुसत्या आडनावापुढे तो कमीपणाचा वाटतो. पद आणि त्यामागे आदराचं 'निम' असं जोडा: विभागप्रमुख किम असतील तर "किम पुजाङनिम". चूक झाली तर "मियान्हे" मित्राला, वरिष्ठाला "च्वेसोङहाम्निदा". गर्दीतून वाट काढताना "चाम्क्कान्मान्यो", "जरा एक मिनिट".

बोलणारा बोलत असताना गप्प बसणंही चूक ठरतं. "माजायो" (बरोबर), "कुरॉगेयो" (हो ना, खरंच), "ने, ने" असे हुंकार द्यावे लागतात. याला 'माच्चाङगु' म्हणतात. चाङगु हा कोरियन ढोल, आणि दोन वादकांनी समोरासमोर उभं राहून वाजवायचा तो माच्चाङगु. फोनवर हे हुंकार थांबले की समोरचा "यॉबोसेयो?" विचारतो, त्याला लाइन तुटली असं वाटतं. मत द्यायचं नसेल तर "कुल्स्सेयो", म्हणजे "बघू", "सांगता येत नाही". समोरून कुल्स्सेयो आलं तर बहुतेकदा तो नाजूक नकार समजावा आणि पुन्हा रेटू नये.

एक शब्द तोंडात बसूच देऊ नका: "आइश्शी". पडद्यावर तो इतका सर्रास येतो की निरुपद्रवी वाटतो. तो एका जड शिवीचा तोकडा तुकडा आहे आणि मोठ्यांसमोर काढला तर वातावरण गोठतं. वैताग काढायला आइगो पुरेसं आहे.

फोन ठेवताना 'आन्न्यॉङही' ऐवजी पुष्कळदा "तुरॉगासेयो" ऐकू येईल, शब्दशः "आत जा". तुम्ही आधीच घरात बसलेले असलात तरी गोंधळू नका. "ने, तुरॉगासेयो" म्हणा, क्षणभर थांबा, आणि समोरचा मोठा असेल तर फोन त्याला आधी ठेवू द्या.